यूपीएस आहे ना, मग रेड कार्डाची बॅटरी मेली तर काय बिघडलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेचा सर्व्हर, त्यात रेड कार्ड (RAID, अनेक डिस्क एकत्र मिळून चालवणारं कार्ड), चार हार्डडिस्क, वर डेटाबेस. महिन्याभरापासून चालू करताना कार्डाची बॅटरी फेल असा मेसेज येतोय आणि तेव्हापासून सॉफ्टवेअर रडतखडत चालतंय, काउंटरवर एक एंट्री सेव्ह व्हायला पाच-सहा सेकंद. वेंडरचं म्हणणं, तुमच्याकडे यूपीएस आहे, मागे जनरेटर आहे, बॅटरी कशाला बदलताय, मी सेटिंगमधून राइट-बॅक फोर्स करून देतो, लगेच पळायला लागेल. तर करू द्यायचं का?

नका करू देऊ. सर्व्हर पळेल हे खरंय, त्यात तो खोटं बोलत नाहीये. पण यूपीएस जे सांभाळतो ते वेगळं आणि ती कार्डावरची छोटी बॅटरी जे सांभाळते ते वेगळं, आणि ह्या दोघांची गल्लत आपल्याकडे इतकी सर्रास होते की जरा मुळापासून सांगतो, लांबेल थोडं.

डेटाबेस जेव्हा एंट्री कमिट करतो तेव्हा तो खालच्या थराला विचारतो, बाबा लिहिलं का नक्की? खालून हो आलं की मगच तो स्क्रीनवर सेव्ह झालं म्हणतो. आता खाली ७२०० आरपीएमची डिस्क असेल तर तिचा एक फेराच ८.३ मिलिसेकंदांचा, त्यात रेड-५ (डिस्क एकत्र लावायची एक पद्धत, तिच्यात डिस्क मेली तर डेटा परत काढता यावा म्हणून पॅरिटी नावाचा हिशेब सोबत लिहितात) असेल तर एका छोट्या लिखाणामागे जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, असे चार व्यवहार. म्हणून रेड कार्डावर स्वतःची रॅम असते, ५१२ एमबी, १ जीबी, ४ जीबी अशी, तिलाच कॅश म्हणतात (cache, पैशांची कॅश नव्हे). लिखाण आलं की कार्ड ते रॅममध्ये ठेवतं आणि ताबडतोब वर "झालं" कळवतं, डिस्कवर नंतर निवांत उतरवतं. ह्यालाच राइट-बॅक म्हणायचं. तुमच्याच धंद्यातलं सांगायचं तर कॅशियरनं पैसे घेतले, शिक्का मारून पावती दिली, पण पैसे अजून तिजोरीत गेले नाहीत, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहेत. बॅटरी नसेल तर कार्ड शहाणपणा करून राइट-थ्रू वर जातं, म्हणजे तिजोरीत गेल्याशिवाय पावती नाही. तुमचा सर्व्हर महिन्याभरापासून हेच करतोय. तो स्लो झालाय कारण तो खरं बोलतोय.

आता त्या ड्रॉवरचं काय होतं ते बघा. ती रॅम डीरॅम प्रकारची असते, तिच्यात प्रत्येक बिट म्हणजे एक बारीकसा कपॅसिटर, आणि तो गळका असतो. म्हणून प्रत्येक ओळ साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी वाचून परत भरावी लागते, हाच रिफ्रेश, चिप खूप तापली असेल तर त्याच्या निम्म्या वेळात. करंट गेला की रिफ्रेश बंद, रिफ्रेश बंद की तिथल्या डेटाचा भरवसा संपला. (एसरॅम ह्या दुसऱ्या प्रकारच्या रॅमचं असं नाही, तिला रिफ्रेश लागत नाही, नाण्याएवढ्या बॅटरीवर वर्षानुवर्षं टिकते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतले लोक हे ओळखतील, फानुक कंपनीचा कंट्रोल असलेल्या सीएनसी मशीनवर स्क्रीनच्या खाली "बॅट" असं लुकलुकायला लागलं की मशीन चालू ठेवूनच बॅटरी बदलायची असते, बंद करून काढलीत तर पॅरामीटर, ऑफसेट जाऊ शकतात आणि ॲक्सिसच्या एन्कोडरची (ॲक्सिस नेमका कुठं आहे ते मोजणाऱ्या भागाची) बॅटरी तशी काढलीत तर झीरो परत सेट करत बसा. एरवी मेन स्विच बंद केल्याशिवाय पॅनलला हात लावू नको असं शिकवलेला नवा पोरगा नेमका इथं फसतो.)

मग वेंडर म्हणतो तसं, यूपीएस असताना करंट जाईलच कसा? जातो, आणि तो जायच्या वाटा लाइट जाण्यापेक्षा जास्त आहेत. सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळतो. यूपीएस आणि सर्व्हरच्या मधला एमसीबी ट्रिप होतो. हाऊसकीपिंगवाले प्लग काढतात. यूपीएसच्या बॅटऱ्या चार वर्षांच्या झालेल्या असतात, स्क्रीनवर १०० टक्के दाखवतात आणि लोड आल्यावर दीड मिनिटात बसतात. किंवा यूपीएसच स्वतः मरतो, आणि हे अजिबात दुर्मिळ नाही. पॉवर सप्लायच्या आत मोठे कपॅसिटर असतात खरे, पण ते फुल लोडला साधारण १६-१७ मिलिसेकंद ओढतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची, म्हणजे एक पूर्ण सायकल गेली तरी ते पुरतील याची खात्री नाही. लाइन-इंटरॲक्टिव यूपीएस (ऑफिसातला नेहमीचा प्रकार) चार ते दहा मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो म्हणून निभतं, पण ऑफिसात कुणी घरगुती इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर, म्हणजे ह्याहून सावकाश बदलणाऱ्या मोडवर, ठेवून त्यावर कॉम्प्युटर लावला असेल तर लाइट गेली की तो रीस्टार्ट होतो, तो का होतो ते ह्या आकड्यांत आहे.

मोठ्या लोकांचंही असंच होतं. २००५ च्या जानेवारीत लाइव्हजर्नल ही त्या काळी अमेरिकेत जोरात असलेली साइट एका झटक्यात बंद पडली होती. डेटा सेंटरला यूपीएस, जनरेटर सगळं होतं, पण इमर्जन्सी पॉवर ऑफचं लाल बटण दाबलं गेलं, आणि ते बटण यूपीएससकट सगळंच तोडायला असतं. वीज लगेच आली, पण डेटाबेस तपासत, दुरुस्त करत बसायला खूप वेळ गेला, कारण डिस्कनी लिहिलं म्हणून कळवलेलं प्रत्यक्षात लिहिलेलंच नव्हतं. तिथल्याच ब्रॅड फिट्झपॅट्रिकनं मग डिस्कचेकर म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, तिच्याकडे शेवटी येतो.

काही जण म्हणतात की गेलं तर काय जाईल, शेवटच्या चार एंट्र्या, परत मारू. इथंच सगळ्यात मोठी चूक होते. कॅशमधलं लिखाण डिस्कवर ज्या क्रमानं आलं त्या क्रमानं उतरत नाही, कार्ड स्वतःच्या सोयीनं उलटसुलट करून उतरवतं. डेटाबेसची अख्खी सुरक्षितता ह्यावर उभी असते की आधी लॉग लिहिला जाणार आणि मग टेबल. तो क्रमच मोडला तर नुसत्या चार एंट्र्या जात नाहीत, अख्खा डेटाबेसच न उघडण्याची वेळ येऊ शकते. फाइलसिस्टिमचंही तेच. मी बघितलेल्या केसेसमध्ये गेलेला डेटा किलोबाइटमध्ये होता आणि दुरुस्ती दोन-दोन दिवसांची.

तर ती बॅटरी. जुन्या कार्डांवर तिला बीबीयू म्हणतात, बॅटरी बॅकअप युनिट. तिचं काम सर्व्हर चालवणं नाही, फक्त त्या कॅशच्या रॅमला सेल्फ-रिफ्रेशमध्ये, म्हणजे अगदी कमी विजेवर स्वतःच स्वतःला रिफ्रेश करत, जिवंत ठेवणं. लिथियम-आयनची साधारण ७ वॉट-तासांची असते, तिला ७२ तासांनी भागा, ९७ मिलिवॉट येतात, एवढ्यावर छोटी कॅश तीन दिवस निघायची. तीन दिवस म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी गेली तर सोमवारी सकाळी माणूस येईपर्यंत, हिशेब तसा बरा होता. पण कॅश वाढत गेली तसे तास कमी होत गेले, ७२ चे ४८, ४८ चे २४. दिवाळीच्या सुट्टीत ऑफिस पाच दिवस बंद, तेव्हा काय?

बीबीयूचं दुसरं दुखणं म्हणजे लर्न सायकल. बॅटरीत खरोखर किती दम उरलाय हे कळावं म्हणून कार्ड ठराविक दिवसांनी, कुठं ३० कुठं ९० अशी सेटिंग असते, तिला पूर्ण उतरवून परत भरतं. त्या काही तासांत बॅटरीचा भरवसा नसतो म्हणून बहुतेक कार्डं राइट-थ्रू वर जातात. एका ठिकाणी दर महिन्याला एक दिवस सर्व्हर रांगायचा, लोक नेटवर्कला शिव्या घालायचे, स्विच बदलून झाला, अँटिव्हायरस बदलून झाला, आणि शेवटी लॉग बघितला तर दर वेळी तीच लर्न सायकल, आणि त्या वर्षी ती बरोब्बर मार्चएंडच्या कामात घुसलेली. उपाय काय तर लर्न सायकलची वेळ रविवारी पहाटेवर ढकलणे, एवढाच. त्यासाठी ती बंद करून टाकू नका, बंद केलीत की बॅटरी मेली हे तुम्हाला लाइट गेल्यावरच कळेल. आणि उन्हाळ्यात एसी बंद असलेल्या खोलीत ह्या बॅटऱ्या फुगतात. फुगलेली दिसली की टोचू नका, दाबून परत बसवू नका, काढून ई-वेस्टला द्या.

नव्या कार्डांनी हा सगळा प्रकारच सोडून दिला, आणि मला तो बदल फार आवडतो कारण प्रश्नच बदलून टाकलाय. रॅमला तीन दिवस जिवंत ठेवायचं कशाला, तीस सेकंद जिवंत ठेवा आणि तेवढ्यात सगळं फ्लॅशमध्ये (पेनड्राइव्हसारखी, वीज गेली तरी डेटा न विसरणारी मेमरी) ओतून टाका, मग लाइट महिन्यानं आली तरी चालेल. म्हणून कार्डाबरोबर एक सुपरकपॅसिटरचा (खूप मोठ्या कपॅसिटरचा, थोडक्यात सुपरकॅपचा) डबा येतो आणि कार्डावर थोडी फ्लॅश असते. मेगारेड कार्डवाले ह्याला कॅशव्हॉल्ट म्हणतात, एचपीनं फ्लॅश-बॅक्ड राइट कॅश म्हणून आणलं. गणित करून बघा: ४ जीबी कॅश, २०० एमबी प्रति सेकंदानं ओतायची तर २० सेकंद, तेवढा वेळ कंट्रोलर, रॅम आणि फ्लॅश मिळून १० वॉट धरा, म्हणजे २०० ज्यूल. कपॅसिटर १२ व्होल्टपासून ६ व्होल्टपर्यंत वापरता आला तर अर्धा गुणिले सी (म्हणजे कपॅसिटी) गुणिले (१४४ वजा ३६), म्हणजे ५४ सी, ते २०० ज्यूल भरायला सी हवा ३.७ फॅरड. कन्व्हर्टरचा लॉस आणि म्हातारपणाची घट धरून दुप्पट घ्या, सात-साडेसात फॅरड. मुठीत मावेल असा डबा. २०० ज्यूल म्हणजे वॉट-तासांत ०.०५६, कुठं ते ७ वॉट-तास आणि कुठं हे. ऊर्जा शंभरपटीनं कमी लागते, फक्त ती पटकन द्यावी लागते, आणि पटकन द्यायला कपॅसिटरसारखं दुसरं काही नाही.

म्हणून सुपरकॅप अमर आहे असं समजू नका हां. उष्णतेनं त्याचीही कपॅसिटी उतरते, आतला रेझिस्टन्स वाढतो. कार्ड ती मोजत असतं, पण मोजलेलं कुणी बघत नाही हा आपला प्रॉब्लेम. आणि लाइट परत आल्यावर कपॅसिटर भरेपर्यंत कार्ड राइट-थ्रू वरच राहतं, काही मिनिटं. सर्व्हर चालू झाल्या झाल्या स्लो वाटला तर घाबरू नका, थांबा. बीबीयू पूर्ण उतरली असेल तर तेच काही तास लागतात. विजेचा लपंडाव चालू असताना, म्हणजे पाच मिनिटांत तीनदा जा-ये, सुपरकॅप बीबीयूपेक्षा कितीतरी बरा तो ह्यामुळे.

एसएसडीवाल्यांनी खूश व्हायचं कारण नाही, तिथंही हाच खेळ आहे. एसएसडीच्या आत डीरॅम असते, साधारण १ टीबीला १ जीबी असा ठोकताळा, तिच्यात कुठला ब्लॉक फ्लॅशमध्ये कुठं आहे ह्याचा नकाशा असतो. ऐनवेळी करंट गेला तर नुसता ताजा डेटा जात नाही, नकाशाच बिघडला तर जुना, महिन्यांपूर्वी लिहिलेला डेटाही सापडत नाही. २०१३ मध्ये फास्ट ह्या स्टोरेजवरच्या परिषदेत एक पेपर आला होता, त्यात १५ एसएसडी घेऊन मुद्दाम पॉवर तोडून बघितलं, त्यातल्या १३ मध्ये काही ना काही बिघाड निघाला. सर्व्हरसाठीच्या एसएसडीवर म्हणून कपॅसिटरची रांग असते, तिला पीएलपी म्हणतात, पॉवर लॉस प्रोटेक्शन. तिथलं गणित अजून लहान आहे, ८ वॉट, २० मिलिसेकंद, ०.१६ ज्यूल. पण ५ व्होल्टवर एवढं साठवायला फार मोठे कपॅसिटर लागतील म्हणून आत व्होल्टेज वाढवून २८-३० पर्यंत नेतात, ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गानं वाढते, मग ४००-४५० मायक्रोफॅरडमध्ये काम भागतं.

गंमत अशी की पीएलपीवाल्या ड्राइव्हचा फायदा लाइट जाण्यापेक्षा रोजच्या स्पीडला जास्त दिसतो. कपॅसिटर असल्यामुळे ती ड्राइव्ह डेटा स्वतःच्या डीरॅममध्ये आला की प्रामाणिकपणे "झालं" म्हणू शकते. साधी, बाजारातली स्वस्त ड्राइव्ह एकतर प्रत्येक फ्लशला (सगळं आत्ता पक्कं लिही ह्या हुकमाला) फ्लॅशपर्यंत जाते आणि डेटाबेसला रांगायला लावते, नाहीतर थाप मारते. बॉक्सवर लिहिलेला स्पीड इथं काही कामाचा नाही. आणि काही स्वस्त मॉडेलवर "पॉवर लॉस" असं काहीतरी लिहिलेलं असतं पण ते फक्त आधी फ्लॅशमध्ये असलेला डेटा खराब होऊ न देण्यापुरतं असतं, वाटेतल्या डेटासाठी नाही, हे डेटाशीट वाचून घ्या.

सर्व्हरच्या मुख्य रॅमचं थोडक्यात, कारण पतसंस्थेला ते लागणार नाही. पॉवर सप्लाय मरायच्या किमान एक मिलिसेकंद आधी पॉवर-ओके सिग्नल मागे घेतो, इंटेलच्या एडीआर नावाच्या सोयीत त्या इशाऱ्यावर मेमरी कंट्रोलर स्वतःच्या रांगेत अडकलेलं लिखाण रॅममध्ये ढकलतो आणि रॅमला सेल्फ-रिफ्रेशमध्ये टाकतो. एनव्हीडिम-एन (जोडीला फ्लॅश असलेली रॅमची स्टिक) असेल तर पुढं ती स्टिक स्वतःच्या सुपरकॅपवर सगळं शेजारच्या फ्लॅशमध्ये उतरवते. प्रोसेसरच्या कॅशमध्ये राहिलेलं मात्र एडीआर उचलत नाही, ते प्रोग्रॅमनं आधीच फ्लश केलेलं असावं लागतं, नंतरच्या ई-एडीआर ह्या सुधारित प्रकारात तेही आलं, पण त्याला जास्त साठवलेली ऊर्जा लागते. इंटेलच्याच ऑप्टेन मेमरीवर, वीज गेली तरी डेटा न विसरणाऱ्या, बरीच आशा होती, इंटेलनं २०२२ मध्ये तो धंदाच गुंडाळला. मोठ्या स्टोरेज बॉक्समध्ये तत्त्व तेच, ईएमसी कंपनीच्या जुन्या बॉक्सला शेजारी एक छोटा बॅटरीचा डबा असायचा, तो फक्त कॅश पहिल्या काही डिस्कवरच्या राखीव जागेत उतरेपर्यंत कंट्रोलर चालवायचा आणि मग सगळं मुकाट बंद.

आता यूपीएस. त्याला मी नावं ठेवत नाहीये, त्याचं काम सर्व्हर नीट शटडाउन व्हायला वेळ देणं हे आहे. त्यासाठी यूपीएसपासून सर्व्हरपर्यंत डेटाची केबल लागते, यूएसबी किंवा नेटवर्क कार्ड, आणि सर्व्हरवर एनयूटी किंवा एपीसीयूपीएसडीसारखं काहीतरी सॉफ्टवेअर. मी गेलेल्या बहुतेक ऑफिसात ती केबल यूपीएसच्या खोक्यात पिशवीसकट पडलेली असते. मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड बसला, लोकल जागच्या जागी थांबल्या, काही भागांत वीज यायला तासन् तास गेले, अशा वेळी १५ मिनिटांचा यूपीएस आणि केबल नाही म्हणजे सर्व्हर १५ मिनिटं उशिरा धाडकन बंद, एवढाच फरक. शटडाउन बॅटरी १० टक्क्यांवर आल्यावर लावू नका, बॅटरी जुनी असली की ५० वरून शून्यावर उडी मारते. लाइट गेल्यावर पाच मिनिटं वाट बघा, जनरेटर आला तर ठीक, नाहीतर आधी ॲप्लिकेशन, मग डेटाबेस, मग मशीन. आणि लाइट आली की लगेच चालू होऊ देऊ नका, यूपीएसमध्ये बॅटरी ४०-५० टक्के भरल्याशिवाय आउटपुट देऊ नको अशी सेटिंग असते ती लावा, नाहीतर दुसऱ्या झटक्याला शटडाउनपुरताही दम नसतो. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही एकाच यूपीएसवर लावू नका, एक सप्लाय जळला तर निभेल, पण यूपीएस मेला की दोन्ही गेले. बॅटऱ्यांचं आयुष्य २५ डिग्रीला मोजलेलं असतं, दर दहा डिग्रीला साधारण निम्मं होतं, तेव्हा जिन्याखालच्या कोंडवाड्यात यूपीएस ठेवला असेल तर मे महिन्यात तिथं हात लावून बघा.

तुमच्या सर्व्हरचं म्हणाल तर बॅटरी येईपर्यंत राइट-थ्रूच राहू द्या, कुरकुर सहन करा. कार्डाचं मॉडेल बघून नवी बॅटरी किंवा सुपरकॅप मागवा, पण उत्पादनाची तारीख बघून, कपाटात चार वर्षं पडून राहिलेली "नवी" बॅटरी येते आणि पहिल्याच लर्न सायकलला नापास होते. कार्ड इतकं जुनं असेल की बॅटरीच मिळत नाही, तर मी त्याच्यावर पैसे घालणार नाही, पीएलपीवाल्या दोन एसएसडी घ्या, सॉफ्टवेअर रेड-१ करा (दोन्हींवर तोच डेटा, कार्डाऐवजी ऑपरेटिंग सिस्टिमच सांभाळते), कार्ड काढून टाका. कार्ड ठेवणार असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये हार्डडिस्कची स्वतःची कॅश बंद आहे ना हेही बघा, कारण कार्डाची बॅटरी डिस्कच्या पोटातल्या कॅशला वाचवत नाही. बॅटरीचं स्टेटस मेलवर येईल अशी व्यवस्था करा. एनव्हीएमई ड्राइव्ह (नव्या जोडणीच्या वेगवान एसएसडी) असतील तर स्मार्ट लॉगमध्ये, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींत, "अनसेफ शटडाउन"चा आकडा असतो, तो वाढत असेल तर तुमचा यूपीएस काय करतोय ते कळेल, आणि त्याच लॉगमध्ये कपॅसिटर फेल झाल्याचा वेगळा इशारा असतो.

नवं सामान बसवलं की खरा डेटा चढवायच्या आधी डिस्कचेकर लावा. ती स्क्रिप्ट सर्व्हरवर लिहीत जाते आणि जे जे पक्कं लिहिलं म्हणून कळलं ते नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला सांगत जाते. मध्येच सर्व्हरची केबल मागून उपटायची, शटडाउन नाही, उपटायची. चालू केल्यावर दुसऱ्या मशीनकडची यादी आणि डिस्कवरचं जुळवून बघायचं. एकही नोंद कमी भरली तर सामान परत. हे वेंडरसमोर करा, त्याला आधी सांगून ठेवा म्हणजे तोच नीट ड्राइव्ह आणेल.

आणि अचानक बंद पडून सर्व्हर परत चालू होताना कार्ड म्हणालं की "प्रिझर्व्ह्ड कॅश" आहे, डिस्क सापडत नाहीये, टाकून देऊ का, तर घाईनं होय दाबू नका. ते म्हणतंय की पावती दिलेले पैसे अजून माझ्याकडे आहेत. आधी डिस्क नीट बसल्यात का, बॅकप्लेनची (डिस्क ज्यात खोचतात त्या बोर्डाची) केबल ढिली नाही ना, डिस्कच्या बॉक्सला वेगळा पॉवर असेल तर तो आलाय का हे बघा, डिस्कची अदलाबदल करू नका, कार्डावरून बॅटरी किंवा कॅशची स्टिक काढू नका. डिस्क दिसल्या की कार्ड आपलं आपण उतरवून घेतं.